एक उमेदवार, दोन जन्मतारखा

२०२० साली अमेरिकेतल्या एका बाईंनी ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज केला. वय ५५च्या पुढे, जन्मतारीख खरी भरलेली. अर्ज तिथल्या तिथे नामंजूर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच अर्ज पुन्हा भरला, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली. मुलाखतीचं बोलावणं आलं! ५५ आणि त्यापुढच्या स्त्रिया, ६० आणि त्यापुढचे पुरुष आपोआप गाळले जातील अशी व्यवस्था कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती, असा आरोप ठेवून तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने २०२२ मध्ये खटला भरला. पुढच्या वर्षी कंपनीने आरोप अमान्य करत ३,६५,००० डॉलर देऊन तो मिटवला. नोकरभरती यंत्राच्या हाती दिली की पक्षपात संपतो, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. यंत्राला वयाची अट कुणीतरी माणूसच शिकवू शकतो, हे त्यांच्या जाहिरातीत नसतं.

मला या बातमीतला खटला दुय्यम वाटतो. बाईंनी जे केलं तो एक नेटका प्रयोग होता: सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि निकाल पाहायचा. अर्थशास्त्रज्ञ हेच हजारोंच्या संख्येने करतात. काल्पनिक उमेदवारांचे बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवायचे आणि बोलावणी मोजायची. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ शहरांत असे ४०,०००हून अधिक अर्ज पाठवले. उमेदवारांचं वय साधारण ३०, ५० किंवा ६५. ते कळायचं शाळा संपल्याच्या वर्षावरून. कार्यालयीन सहायकाच्या जागांसाठी तिशीतल्या स्त्रियांना शंभरात सुमारे १४ बोलावणी आली, पन्नाशीतल्यांना १०, पासष्टीतल्यांना ७ ते ८.

झालं की सिद्ध! असं वाटतं खरं, पण पहिली अडचण लगेच येते. पासष्टीच्या उमेदवाराला तिशीतल्याइतकाच अनुभव दाखवला, तर वाचणारा विचारणार, मधली पस्तीस वर्षं ही व्यक्ती करत काय होती? आणि खरा अनुभव दाखवला, तर दोन अर्ज सारखे कुठे राहिले? न्यूमार्क यांनी दोन्ही प्रकारचे बायोडेटा पाठवून पाहिले.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि माझी फार आवडती. ती जेम्स हेकमन आणि पीटर सीगलमन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये दाखवली. पुढचे दोन परिच्छेद जरा सावकाश वाचा.

बायोडेटात दिसतं ते वेगळं आणि त्यात न दिसणारं, म्हणजे चिकाटी, सफाई, नवं शिकायची तयारी, ते वेगळं. दिसणाऱ्या भागाला दोघांनाही ६० गुण देऊ. न दिसणारा भाग काहींचे गुण वाढवतो, काहींचे घटवतो. दोन्ही गटांत त्याची सरासरी शून्य. म्हणजे मालकाच्या मनात कुठलाही आकस नाही. फरक फक्त पसाऱ्याचा. तरुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती लांब विखुरलेली आहेत त्याचं माप, ५ गुणांचं, वयस्करांचं १० गुणांचं. हे अगदी मनचं नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत एखादा सतत शिकत राहतो, दुसरा गंजतो, त्यामुळे वयाबरोबर माणसामाणसातलं अंतर वाढतं असं मानायला जागा आहे. आता कटऑफ ७० ठेवा. तरुणाला दोन विचलनं वर चढायचंय, ते शंभरात २ जणांना जमेल. वयस्कराला एकच विचलन. शंभरात १६ पार होतील. कटऑफ ५०वर आणा. तरुण ९८ पार, वयस्कर ८४. आकस शून्य, तरी एकदा वयस्करांची सरशी आणि एकदा पीछेहाट! म्हणजे बोलावण्यांतला फरक भेदभावाचाच असेल असं नाही आणि फरक दिसला नाही म्हणून भेदभाव नाही असंही नाही. प्रयोगातले बायोडेटा किती चांगले बनवले, यावर निकाल हलतो.

मग पसारा मोजायचा कसा? तो तर दिसतच नाही. न्यूमार्क यांची युक्ती अशी, की काही बायोडेटात एखादी जादा ओळ घालायची: स्पॅनिश येतं, टायपिंगचा वेग अमुक, 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' असा मान मिळाला. कटऑफच्या आसपास दाटीवाटीने उभ्या गटात अशी एक ओळ बऱ्याच जणांना एकदम पलीकडे ढकलते. विखुरलेल्या गटात थोड्यांनाच. या ओळीची किंमत मालकाच्या लेखी दोन्ही वयांत सारखीच आहे, एवढं गृहीत धरलं की दोन गटांतल्या परिणामाच्या गुणोत्तरावरून पसाऱ्यांचं गुणोत्तर निघतं. पसाऱ्याचा वाटा असा वेगळा काढल्यावर वयस्कर स्त्रियांविरुद्धचा भेदभाव ठामपणे उरला. पुरुषांच्या बाबतीतला पुरावा मात्र बराच पातळ झाला. वय आणि स्त्री असणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते असं आकड्यांत उतरलं.

'वय झालं की हात मंदावतो' हा समज याच कार्यालयीन कामाबद्दल सर्रास ऐकू येतो. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट तपासले. प्रतिक्रियेचा वेग वयाबरोबर घटला होता, हे खरं. टायपिंगचा मात्र घटला नव्हता. वयस्कर टायपिस्ट मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. पुढचा मजकूर झाकला की मग त्यांची गती पडायची. जे कौशल्य ही भरपाई करत होतं, ते बायोडेटाच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. 'जुनी पिढी', 'नवी पिढी' असे शिक्के मारून कर्मचाऱ्यांची वर्गवारी शिकवणाऱ्या शिबिरांना तर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालानेही आधार दिला नाही. राशिभविष्यात निदान बारा खाने असतात.

या सगळ्या कागदी प्रयोगांची धाव बोलावण्यापर्यंतच. काल्पनिक उमेदवाराला मुलाखतीला पाठवता येत नाही, त्यामुळे बोलावणं आलं की नम्र नकार कळवून थांबावं लागतं. पांढरे केस दिसल्यावर टेबलापलीकडच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते या ४०,००० अर्जांत कुठेच नोंदलेलं नाही.