मुलाखतीत ‘कळलेला’ माणूस

‘हस्ताक्षरावरून उमेदवाराचा स्वभाव ओळखा! खास एचआरसाठी कार्यशाळा, चहा-नाश्त्यासह.’ पुण्यातल्या एका हॉलचा पत्ता असलेली ही जाहिरात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन निवडीच्या पद्धती आणि नंतरचं काम यांचा सहसंबंध मांडला होता. १ म्हणजे तंतोतंत नातं, ० म्हणजे काहीच नाही. हस्ताक्षराच्या पदरात ०.०२ पडले. त्यापेक्षा सरळ पत्रिकाच मागवा, नाश्त्याचा खर्च तरी वाचेल.

पण हस्ताक्षरवाल्यांना हसणारी मनमोकळ्या गप्पांची मुलाखतही फार सोवळी नाही. हिंजवडीत कुणी ‘ट्रेकिंग आवडतं, राजगड झालाय’ म्हटलं, की समोरचा मनात ‘टीम प्लेअर’ लिहून मोकळा होतो.

डेना, डॉज आणि पीटरसन यांचा २०१३ मधला प्रयोग तर मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन त्याचे पुढच्या सत्राचे गुण वर्तवायचे होते. आधीचे गुण हाताशी होतेच. काही उत्तर देणाऱ्यांना मात्र गुपचूप सांगितलं होतं, की प्रश्नाचा अर्थ बघू नका, त्यातल्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘हो’ की ‘नाही’ ते ठरवा. म्हणजे शुद्ध अंदाधुंदी! हे एकाही मुलाखतकाराच्या लक्षात आलं नाही. उलट, माणूस चांगला कळला असंच त्यांना वाटलं. नुसत्या जुन्या गुणांवरून केलेले अंदाज त्यांच्यापेक्षा सरस निघाले.

असं का होतं? समजा विचारलं, ‘एकट्यानं काम करायला आवडतं?’ हो. ‘ग्रुप प्रोजेक्ट आवडतात?’ तेही हो. विसंगती मनाला खुपत नाही. ते लगेच सांधा जुळवतं: आधी शांतपणे विचार करतो, मग चौघांत मांडतो. दुसरं उत्तर ‘नाही’ आलं असतं, तर ‘एकाग्र आहे’ हे तयारच होतं. कुठल्याही उत्तरांची गोष्ट बनते, आणि गोष्ट जुळली की खात्री वाढते. खात्री वाढते, अचूकता नाही.

सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेले निकष असले, तर चित्र सुधारतं. १९९८ च्या आढाव्यात अशा मुलाखतीला ०.५१ होते, मोकळ्या मुलाखतीला ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे ०.४२ आणि ०.१९ वर आणले. त्याचं कारण असं: नाकारलेल्यांचं काम कधी दिसतच नाही, त्यामुळे अभ्यासात उरलेल्यांमधला फरक आकसतो आणि सहसंबंध असतो त्याहून कमी दिसतो. म्हणून तो सूत्रानं वाढवून घेतात. आधी ही वाढ जरा सढळ हातानं दिली गेली होती.

१९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात तरुण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी हीच शिस्त लावली. सहा स्वभावगुण, प्रत्येकासाठी गतआयुष्यातल्या ठोस गोष्टी विचारायच्या आणि पुढच्या गुणाकडे वळण्याआधी आकडा टाकायचा. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. तेव्हा कानेमननी त्यांना एक मुभा दिली: सगळं झालं की डोळे मिटा, हा सैनिक कसा निघेल ते डोळ्यांसमोर आणा आणि मनाला वाटेल तो आकडा द्या. तो आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला ठरला. फक्त आधीचे सहा टाकलेले असायला हवे होते.