एक किलोमीटरची अट: पुण्यातल्या आरटीई वादाची पार्श्वभूमी

आरटीईची, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के जागांची, सोडत निघाली की पुण्यात 2024 च्या अधिसूचनेचा विषय निघतोच. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम तिनं आणला होता. विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो अर्धवट सांगितला जातो. पालकांचा रोष बघून शासनानं माघार घेतली, असं ऐकू येतं. प्रत्यक्षात तो नियम उच्च न्यायालयानं रद्द केला. तोवर अर्जांची एक फेरी वाया गेली होती, दुसरीची सोडत निघाली होती आणि शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. हा घोळ समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतं, पण फार नाही.

भिडे वाडा आणि इंग्रजांच्या काळातल्या हंटर शिक्षण आयोगापुढचं जोतीराव फुल्यांचं निवेदन सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथं उगाळत नाही. या वादाला जवळची जुनी गोष्ट 1920 च्या आसपासची. 1918 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. पुण्यात लगेच प्रश्न आला की सक्ती मुलगे-मुली दोघांना एकदम लावायची की आधी मुलग्यांना. तिजोरीत पैसा नाही, मुलींचं नंतर बघू, अशी एका पक्षाची बाजू होती. शहरातल्या बायका त्याविरुद्ध उघडपणे उभ्या राहिल्या. कुणाचं शिक्षण आधी आणि कुणाचं मागाहून, हे खर्चाकडे बोट दाखवून ठरवायची इथली रीत तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही.

पुढची तीसेक वर्षं पटकन ओलांडू. 1947 चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, 1950 मध्ये महापालिका झाली आणि पालिकेच्या शाळा शिक्षण मंडळाकडे राहिल्या. मंडळ वेगळं, त्याला अध्यक्ष वेगळा, अंदाजपत्रक वेगळं, पैसा मात्र पालिकेचा. मुलांच्या वाचनापेक्षा स्वेटर, बूट, दप्तर आणि गणवेश यांच्या निविदांसाठीच हे मंडळ जास्त गाजलं. हिवाळा सरत आला तरी स्वेटर आले नाहीत, ही बातमी पुणेकरांनी किती वेळा वाचली असेल! 2013 मध्ये राज्यानं अशी मंडळं मोडीत काढायचं ठरवलं, पण पुण्यात त्याचा अंमल रेंगाळला आणि 2017 च्या पालिका निवडणुकीपर्यंत जुनी घडी चालू राहिली. नंतर कारभार थेट प्रशासनाकडे गेला. त्याच वर्षी हद्दीत 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23 आली आणि त्यांच्यासोबत जिल्हा परिषदेच्या शाळा आल्या. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसला. त्यामुळे 2024 चा वाद पेटला तेव्हा शहराच्या शाळांबद्दल जाब विचारायला पालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं.

आता 25 टक्क्यांकडे. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात चौथा हिस्सा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायचा आणि त्याची भरपाई सरकारनं करायची, ही त्यातली सर्वांत झोंबलेली तरतूद. शाळा न्यायालयात गेल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तरतूद उचलून धरली आणि विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तेवढं वगळलं. 2014 मध्ये ही सूट सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना मिळाली. त्यानंतर भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाला शिक्षणाच्या धंद्यात कशी किंमत आली, ते सांगत बसत नाही.

भरपाईचा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 17,670 रुपये. मोठ्या शाळांना तो त्यांच्या फीपुढे किरकोळ वाटतो. गल्लीतल्या छोट्या इंग्रजी शाळेला तो पुरतो, पण वेळेवर मिळत नाही. थकबाकी साचत गेली, संस्थाचालक दरवर्षी बहिष्काराची भाषा करू लागले आणि शासनाच्या डोक्यावर एक न फिटणारी उधारी बसली. 2024 च्या अधिसूचनेमागे शैक्षणिक विचार किती होता आणि ही उधारी किती होती, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. माझा कल उधारीकडे आहे.

9 फेब्रुवारी 2024 ला नियम बदलला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला 25 टक्क्यांतून सूट. कागदावर हे बिनतोड वाटतं. घराजवळ फुकट शाळा असताना सरकारनं खासगी शाळेचे पैसे का भरावेत? पालिकेच्या वर्गांत बाकं रिकामी पडली आहेत, ती भरतील की. असं बोलणारे सगळेच शाळाचालकांचे दोस्त होते असं नाही. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून जीव तोडणारे काही जणही यात होते.

पण ही रेघ पुण्याच्या नकाशावर ओढून पाहिली की चित्र बदलतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत जुन्या अनुदानित शाळा इतक्या दाट आहेत की सूट न मिळणारी विनाअनुदानित शाळा शोधावी लागेल. उपनगरांत पालिकेच्या शाळा आहेत. आणि सूस, म्हाळुंगे, वाघोलीसारख्या नव्यानं आलेल्या भागांत? तिथं गावठाणात जिल्हा परिषदेची एखादी शाळा असतेच. आजूबाजूला टॉवर उठले, त्यांच्या पायथ्याशी चकचकीत शाळा निघाल्या. त्या सगळ्यांना जबाबदारीतून मोकळं करायला गावठाणातली ती एक कौलारू शाळा पुरेशी होती. अपवाद म्हणून आणलेला नियम शहरभर सरसकट लागू होणार, हे नकाशा समोर ठेवणाऱ्याला तेव्हाच दिसत होतं.

अंतर कसं मोजतात, हाही एक प्रकार आहे. अर्ज भरताना पालकानं ऑनलाइन नकाशावर लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा, मग यंत्रणा घर ते शाळा सरळ रेषेत अंतर काढते. मध्ये मुठा आली, कालवा आला, तरी तिला पत्ता नसतो. नदीपलीकडच्या हिंगणे खुर्दमधल्या मुलाला कर्वेनगरची शाळा जवळची दिसते. नदी ओलांडायला राजाराम पुलाला वळसा घालावा लागतो तो आईला. फुगा दोन बोटं सरकला तर पडताळणीत अर्ज बाद. भाड्यानं राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि धनकवडी-वडगाव पट्ट्यातले किती खोलीमालक तो करून देतात ते तिथल्या कुठल्याही सायबर कॅफेवाल्याला विचारावं. हे सगळं 2024 च्या आधीही होतंच. फरक इतकाच की तोवर हे अंतर मुलाला प्राधान्य देण्यासाठी मोजलं जायचं. नव्या नियमात शाळेला वगळण्यासाठी मोजलं जाऊ लागलं.

एप्रिलमध्ये नव्या नियमानं नोंदणी उघडली. राज्यात सुमारे 76 हजार शाळा यादीत आल्या आणि जागा पावणेनऊ लाखांच्या वर गेल्या, कारण आता यादीत पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळाच प्रामुख्यानं होत्या. म्हणजे जिथं कुठल्याही सोडतीशिवाय दारात जाऊन नाव घालता येतं, तिथल्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढा, फुगा लावा, सोडतीची वाट बघा! पालकांनी याला बरोबर ओळखलं. लाखभर अर्जसुद्धा आले नाहीत. पुण्यातही पालक मोर्चे काढण्यापेक्षा अर्ज न भरून मोकळे झाले, आणि आकड्यांतून दिसलेली ती नाराजी घोषणांपेक्षा जास्त बोलकी ठरली.

6 मे रोजी उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. जुन्या नियमानं पुन्हा नोंदणी सुरू झाली: शाळा नऊ हजारांच्या आसपास, जागा लाखभर, अर्ज मात्र दोन लाखांच्या पुढे. 7 जूनला सोडत निघाली आणि यादी अडकली, कारण निकाल बाकी होता. पुण्यातल्या केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळा एप्रिलमध्येच भरतात. राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. 19 जुलैला न्यायालयानं अधिसूचना रद्द ठरवली. मूळ कायद्यानं दिलेला हक्क नियमाच्या आडून काढून घेता येत नाही, हा त्याचा गाभा. सूट गृहीत धरून शाळांनी मधल्या काळात दिलेले प्रवेश कायम राहिले, पण 25 टक्के जागा भरणं सुटलं नाही. शाळांच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात अपील झालं, तेही ऑगस्टमध्ये फेटाळलं गेलं. यादीतली मुलं वर्गात बसली तेव्हा बाकीच्यांची पहिली चाचणी जवळ आली होती. पुढच्या वर्षीची अर्जनोंदणी मात्र जानेवारी 2025 मध्येच, जुन्याच नियमानं सुरू झाली.

या गोंधळात एक प्रश्न बाजूला पडला, आणि पुण्याला तो जास्त भिडतो. हक्क आठवीपर्यंतच आहे. 2012-13 मध्ये या कोट्यातून पहिलीत गेलेली मुलं नववीत आली ती 2020-21 मध्ये, म्हणजे शाळा बंद, वर्ग मोबाइलवर आणि घरातली कमाई थांबलेली असताना. त्या वर्षापासून शाळा त्यांच्याकडे पूर्ण फी मागू शकत होती. पालिकेच्या माध्यमिक शाळा आहेत, पण त्यांचा विभाग वेगळा आणि संख्या प्राथमिकच्या तुलनेत तुटपुंजी. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलाला नववीत मराठी अनुदानित शाळेत पाठवायचं, की कर्ज काढून तिथंच ठेवायचं, हे कोडं दरवर्षी नव्या तुकडीला पडतं. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात कायद्याचा हक्क बारावीपर्यंत वाढवायची शिफारस होती. 2020 च्या अंतिम धोरणात कायदा दुरुस्तीची ती शिफारस उरली नाही.