अकरा ओळी आणि चौसष्ट अक्षरं

"काल चाललं होतं. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. मग आज सर्व्हरवर का अडलं?" सॉफ्टवेअरच्या कामात नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षात कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. त्याचं म्हणणं खरं असतं. बदल झालेला असतो, फक्त तो त्याच्या कोडमध्ये नसतो.

आजचं कुठलंही ॲप एका माणसानं किंवा एका कंपनीनं सगळंच्या सगळं लिहिलेलं नसतं. तारखा मांडणं, फोटो लहान करणं, डेटाबेसशी बोलणं या कामांसाठी इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी वापरतात. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. या लायब्ररी पुन्हा दुसऱ्या लायब्ररींवर उभ्या असतात. यादीत तुम्ही दहा नावं लिहिता आणि डिस्कवर शेकड्यांनी फोल्डर उतरतात. बऱ्याच ठिकाणी ॲप डिप्लॉय करताना, म्हणजे सर्व्हरवर चढवताना, हे सगळं त्याच क्षणी सार्वजनिक रजिस्ट्रीवरून, म्हणजे लायब्ररींच्या ऑनलाइन कोठारातून, ओढलं जातं. म्हणजे तुमचं ॲप उभं राहणार की नाही, हे त्या मिनिटाला तिथे काय ठेवलेलं आहे यावर ठरतं.

२२ मार्च २०१६ रोजी हे जगभर दिसलं. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या रजिस्ट्रीवर 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज, म्हणजे एक छोटी लायब्ररी, होतं. मजकुराच्या डावीकडे स्पेस किंवा शून्यं भरून तो ठरावीक लांबीचा करायचा, एवढंच त्याचं काम. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्याबरोबर बेबलसारख्या (नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना समजेल असं करून देणाऱ्या) मोठ्या साधनांवर चालणारे बिल्ड, म्हणजे कोडमधून ॲप तयार करण्याची कामं, धडाधड फेल होऊ लागले. ज्यांचं काम थांबलं त्यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं, कारण ते त्यांच्या डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीच्या पोटात होतं. काही तासांत पॅकेज परत आलं आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले.

यावर जुना आणि सरळ उपाय आहे: लागणाऱ्या सगळ्या लायब्ररींची प्रत आपल्या ॲपच्या आतच एका फोल्डरमध्ये ठेवायची. त्या फोल्डरला बहुधा 'व्हेंडर' नाव असतं, म्हणून या पद्धतीला व्हेंडरिंग म्हणतात. रुबी भाषेचा बंडलर, गो भाषेचं साधन, रस्ट भाषेचं कार्गो, लायब्ररी उतरवणाऱ्या या सगळ्यांत याची सोय आहे. मला सर्वांत आवडणारं उदाहरण पायथनच्या पिपचं. इतरांच्या लायब्ररी उतरवून देणारा हा प्रोग्रॅम स्वतःला लागणाऱ्या लायब्ररी मात्र आपल्याच आत घेऊन येतो. त्याला दुसरा मार्गच नाही. पिप चालू होण्याआधी त्याच्या गरजेच्या वस्तू कोण आणून देणार?

आता खरा प्रश्न. घरात ठेवलेली प्रत मूळ वस्तूचीच आहे, हे कशावरून? मधल्या मधे कुणी एक ओळ घुसवली नाही, हे कसं कळणार? याचं उत्तर संगणकशास्त्रातल्या एका फार सुंदर कल्पनेत आहे. फाइलचा बोटाचा ठसा घ्यायचा. त्याला हॅश म्हणतात आणि तो काढण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे एसएचए-२५६.

ती अशी चालते. फाइल म्हणजे शून्य-एकांची लांबलचक माळ; तिच्यातला प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. तिचे ५१२ बिटांचे तुकडे पाडायचे. हाताशी ३२ बिटांच्या आठ संख्या घ्यायच्या. या आठ संख्या येतात २, ३, ५, ७ पासून १९ पर्यंतच्या पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांमधून: दशांशचिन्हापुढच्या भागाचे पहिले ३२ बिट. मग प्रत्येक तुकड्यासाठी ६४ फेऱ्या. दर फेरीत बिट गोल फिरवायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे (वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), बेरीज करायची आणि ३२ बिटांबाहेर सांडलेला हातचा टाकून द्यायचा. प्रत्येक फेरीत एक ठरलेली संख्याही मिसळायची. या ६४ संख्या २ ते ३११ या पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांमधून घेतल्या आहेत. घनमुळंच का? कारण ती कुणीही कागदावर काढून पाहू शकतो. रीत बनवणाऱ्यानं सोयीच्या संख्या निवडून चोरदरवाजा ठेवला असावा, या शंकेला त्यामुळे जागा उरत नाही.

शेवटी हाती येतात २५६ बिट, म्हणजे सोळाच्या पायात (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिलेली ६४ अक्षरं. 'एबीसी' ही तीन छोटी इंग्रजी अक्षरं दिली तर ठसा 'बीए७८१६बीएफ' असा सुरू होतो, कुठल्याही मशीनवर, कधीही. मूळ मजकुरातला एकच बिट बदला, निकालातले साधारण निम्मे बिट उलटतात. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे. दोन वेगळ्या फाइलींचा ठसा जुळल्याचं एकही उदाहरण आजवर समोर आलेलं नाही.

कार्गो व्हेंडर फोल्डरमधल्या प्रत्येक लायब्ररीसोबत एक चेकसम फाइल, म्हणजे आतल्या फाइलींच्या ठशांची यादी, ठेवतं. आतल्या एखाद्या फाइलमधला स्वल्पविराम हातानं बदलून बघा, बिल्ड तिथेच नकार देतं. गो उतरवताना ठसा तपासतं, पण व्हेंडर फोल्डरमधल्या फाइलींचे ठसे बिल्डच्या वेळी पुन्हा तपासत नाही. तिथे गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल टिपणाऱ्या साधनाच्या) नोंदी आणि माणसाची नजर यांवरच भिस्त.

एकदा मी स्वतः या प्रकरणात अर्धी रात्र घालवली आहे. मॅकवर उतरवलेलं फोल्डर जसंच्या तसं लिनक्स सर्व्हरवर नेलं आणि 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' अशी ओळ आली. लायब्ररीचा एक भाग मॅकसाठी कंपाइल झालेला, म्हणजे मॅकच्या मशीनच्या भाषेत बदललेला, होता. लिनक्सच्या अशा फाइलीचे पहिले चार बाइट म्हणजे ७एफ आणि मग 'ईएलएफ' ही अक्षरं. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) फाइल उघडली तर सुरुवातीलाच दुसरे बाइट. कंपाइल झालेल्या वस्तू ज्या मशीनवर चालायच्या, त्याच जातीच्या मशीनवर बनवून ठेवाव्या लागतात.

अशा वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "सगळं डिलीट कर आणि परत इन्स्टॉल कर." मला ही निव्वळ अंधश्रद्धा वाटते. कधी कधी त्यानं गाडी सुरू होते, कारण मधल्या काळात नवी व्हर्जन येऊन बसलेली असते. पण बिघाड कशानं झाला होता याचा पुरावा त्याच फटक्यात पुसला जातो आणि पुढच्या वेळी तोच नवस पुन्हा बोलावा लागतो.

ठसा एवढंच सांगतो की वस्तू तीच आहे. ती चांगली आहे, असं तो सांगत नाही. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजमध्ये बिटकॉइन चोरणारा कोड शिरला, तेव्हा त्या व्हर्जनचा ठसा अगदी बिनचूक जुळत होता. आणि घरातली प्रत आपोआप सुधारत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं भयंकर भोक सापडलं, तेव्हा ती आपल्याकडे कुठे कुठे आहे हेच अनेकांना सांगता येईना. ती जार फाइलीच्या (जावाचा कोड एकत्र बांधलेल्या गाठोड्याच्या) आतल्या जार फाइलीत ठेवलेली होती. प्रत जशीच्या तशी असेल, तर नाव बदललेलं असलं तरी ती ठशावरून सापडत होती. पण जिथे लायब्ररी सोडवून ॲपच्याच जारमध्ये मिसळली होती, तिथे ठसा कामाचा नव्हता. तिथे प्रत्येक जार उघडून 'जेएनडीआय-लुकअप' नावाचा क्लास, म्हणजे भोक असलेला कोडचा तुकडा, आत आहे का, हे बघावं लागलं. अपडेट लगेच शक्य नसेल, तर तेवढी एक फाइल जारमधून खोडून टाकणं हा एक अधिकृत तात्पुरता उपाय होता.