शेळी ज्याला तोंड लावत नाही

शेताच्या कुंपणाला अडुळसा लावतात, त्यामागचा हिशोब साधा आहे: शेळी त्याला तोंड लावत नाही. बांधावरचं बाकी सगळं ओरबाडत ती येते, अडुळसा हुंगते आणि पुढे जाते. तमिळमधल्या ‘आडातोडै’ या नावाची फोडही ‘शेळी न शिवणारं’ अशीच करतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तेच नाव उचललं आणि शास्त्रीय नाव झालं ‘जस्टिसिया अधाटोडा’. संस्कृतात मात्र ‘सिंहास्य’, कारण पांढऱ्या फुलाचे दोन ओठ आ वासलेले असतात आणि खालच्या ओठावर जांभळ्या रेघा. सिंह जरा जास्तच झाला, पण जबडा खरंच दिसतो.

अडुळशाचं पान नुसतं कुटून पिळलं, तर रस जेमतेम निघतो. म्हणून वैद्यांनी पुटपाक काढला. वाटलेल्या पानांचा गोळा वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात लाल होईपर्यंत भाजायचा. मग फोडून गरम असतानाच पिळायचा. उष्णतेने पानातल्या पेशी मोडतात आणि रस सुटतो. घरी हेच काम तवा करतो: पानं शेकून मऊ केली, कुटली, फडक्यातून पिळली की काळपट हिरवा रस मिळतो. त्यात मध हवाच, नाहीतर पोरं तोंड उघडत नाहीत.

‘वासा असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने का खचावं?’ अशा अर्थाचा एक जुना श्लोक आहे. वासा म्हणजे अडुळसा, रक्तपित्त म्हणजे अंगातून रक्त जाणं. क्षयाबाबत हे आज मुळीच ऐकू नये. त्याला डॉक्टरांच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्सच लागतो.

खोकल्याबाबत मात्र श्लोक फार चुकला नाही. पानांतलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारं, शरीरावर परिणाम करणारं रसायन) ‘वासिसिन’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळं काढलं गेलं. पुढे त्याच्या रेणूवरून ब्रोमहेक्सिन हे औषध बनलं आणि १९६० च्या दशकात बाजारात आलं. ते घट्ट कफाचे धागे तोडून त्याला पातळ करतं. शरीरात ब्रोमहेक्सिनचं जे रूपांतर होतं, ते अँब्रॉक्सॉल. कफ सिरपच्या बाटलीवर ही दोन नावं शोधून पाहा.

हेच वासिसिन गर्भाशयही आकुंचित करतं. जम्मूच्या सरकारी संशोधन प्रयोगशाळेत त्यावर बरंच काम झालंय. गरोदर बाईला अडुळशाचा काढा द्यायचा नसतो, तो यासाठी.