समदुःखी पालकांचे आधारगट

मूल गमावलेल्या आईवडिलांनी तोच घाव सोसलेल्या दुसऱ्या आईवडिलांना दिलेली सोबत म्हणजे समदुःखी आधार, आणि ही सोबत नियमितपणे मिळत राहावी म्हणून त्यांनीच चालवलेली मंडळे म्हणजे आधारगट. येथे उपचार करणारा आणि घेणारा असा भेद नसतो, कारण गट चालवणारी व्यक्तीही अपत्यवियोगातूनच गेलेली असते. बहुतेक गटांत मुलाचे वय किंवा मृत्यूचे कारण आड येत नाही. पोटातच बाळ दगावलेली आई आणि चाळिशीतला मुलगा गमावलेले वृद्ध वडील एकाच बैठकीत शेजारी बसतात.

या चळवळीचे आजचे रूप इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात आकाराला आले. १९६८ साली तेथील एका रुग्णालयात दोन मुलगे काही दिवसांच्या अंतराने दगावले, एक अपघातामुळे आणि दुसरा कर्करोगाने. सायमन स्टीफन्स हे तरुण धर्मोपदेशक दोन्ही कुटुंबांच्या संपर्कात होते. एका आईने दुसऱ्या मुलाच्या अंत्यविधीला फुले पाठवली, पुढे दोन्ही जोडपी एकमेकांना भेटू लागली, मुलांविषयी बोलू लागली, एकत्र रडू लागली. आपल्याला जे देता येत नाही ते हे आईबाप एकमेकांना देत आहेत, हे स्टीफन्स यांनी ओळखले, आणि या घटनेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते. जानेवारी १९६९ मध्ये त्यातून ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये तिची अमेरिकेतील पहिली शाखा फ्लॉरिडा राज्यात सुरू झाली आणि नंतर हे काम अनेक देशांत पोहोचले.

कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे. पाली साहित्यातील थेरीगाथेत मुले गमावलेल्या पाचशे स्त्रियांच्या नावावर असलेल्या गाथा आहेत, आणि त्यांचे सांत्वन करणारी पटाचारा परंपरेनुसार स्वतःच दोन मुलगे गमावलेली आई आहे.

गटाची बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा भरते आणि तिला शुल्क नसते. सर्वजण गोलाकार बसतात. प्रत्येकजण आपले नाव, मुलाचे नाव आणि तो किंवा ती केव्हा गेली एवढे सांगतो. ज्याच्याने बोलवत नाही त्याने गप्प बसावे, त्याला कोणी आग्रह करत नाही. सल्ला देणे, कोणाचे दुःख मोठे याची तुलना करणे आणि धर्ममत गळी उतरवणे टाळले जाते. बोलण्याचे विषय फार साधे असतात: मुलाचे कपडे ठेवावेत की द्यावेत, वाढदिवसाच्या दिवशी काय करावे, ‘तुम्हाला मुलं किती?’ असे अनोळखी माणसाने विचारले तर गेलेले मूल मोजावे की नाही. या शेवटच्या प्रश्नाने किती आईबापांचा जीव कासावीस होतो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नव्याने आलेल्या पालकाला येथे सर्वांत मोठा दिलासा मिळतो तो शब्दांपेक्षा दर्शनातून, कारण तीन-चार वर्षांपूर्वी हेच भोगलेला माणूस समोर बसलेला, बोलणारा, मधूनच हसणाराही दिसतो.

महाराष्ट्रात मर्तिकाच्या घरी भेटायला जाण्याची आणि शेजाऱ्यांनी जेवण आणून देण्याची रीत आहे, आणि ती मोठा आधार देते. परंतु दहाव्या-तेराव्यानंतर घर रिकामे होते. तान्ह्या मुलांच्या बाबतीत अनेक हिंदू घरांत दहनाऐवजी दफन करतात, अशौचही अल्प असते, त्यामुळे शोकाला समाजाकडून मिळणारी मुदतसुद्धा तोकडीच राहते. ‘दुसरं होईल’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते आणि आईला ते जाळत जाते. पुढे तर तिला वाईट वाटेल म्हणून मुलाचे नावच कोणी घेत नाही. आधारगटात नेमके ते नाव घेता येते.

शोकाविषयीच्या शास्त्रीय विचारालाही या गटांनी वळण दिले. गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे हेच शोकाचे काम, असे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडले होते. पुढे १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी वारली. १९२९ साली, तिच्या छत्तिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी, नुकताच मुलगा गमावलेल्या बिन्सवांगर या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशा माणसाची जागा कशानेही भरत नाही आणि ते तसेच असायला हवे, असे कळवले. म्हणजे येथे एक बाप दुसऱ्या बापाशी बोलत होता. अमेरिकी अभ्यासक डेनिस क्लास यांनी शोकाकुल पालकांच्या गटांत दीर्घकाळ राहून पाहिले की सावरलेले पालक मुलाशी असलेले नाते तोडत नाहीत, तर त्याला आयुष्यात नवी जागा देतात. १९९०च्या दशकापासून हा ‘अखंड बंधां’चा विचार रुजला.

तरीही गट म्हणजे उपचार नव्हे, आणि ही मर्यादा स्पष्टपणे सांगायलाच हवी. डेन्मार्कमधील २१ हजारांहून अधिक पालकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूल गमावलेल्या मातांचे मृत्युप्रमाण इतर मातांपेक्षा सुमारे १.४ पट आढळले. अपघात आणि आत्महत्या यांसारख्या अनैसर्गिक मृत्यूंचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक होता. तीव्र शोक दीर्घकाळ टिकून दैनंदिन जगणेच अशक्य झाले, तर त्यास विकार मानून उपचार करावेत असे आता आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांसाठी एका वर्षाची अट ठेवली आहे. जीव द्यावासा वाटणाऱ्या पालकाला वेळीच तज्ज्ञाकडे नेणे हे गटचालकाचे कर्तव्य ठरते. शिवाय स्वतःचा घाव ओला असताना गट चालवू नये, असाही संकेत आहे.

भावंडे आणि आजी-आजोबा यांच्यासाठी अनेक ठिकाणी वेगळ्या बैठका असतात. आईबापांना सांभाळण्याच्या नादात भावंडांचा शोक मागे पडतो, तर आजी-आजोबा नातवंडासाठी आणि स्वतःच्या लेकरासाठी असे दुहेरी दुःख वाहतात. १९९७ पासून डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सात वाजता, ज्या त्या देशाच्या वेळेनुसार, ही कुटुंबे तासभर मेणबत्ती लावून ठेवतात; एका भागातील ज्योती विझतात तेव्हा पुढच्या भागात त्या पेटत असतात.