इंजिनाची किंमत एकदा, विजेचं बिल पस्तीस वर्षं

डिझेल इंजिन काढून विजेचं लावलं की रेल्वेचा धूर थांबला, असं आपण सहज धरून चालतो. नागपूरकरांनी तरी तसं धरू नये. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी शहराच्या वेशीवरच आहेत. रुळावरचा धूर नाहीसा होऊन कुठे गेला, हे इथे शोधत बसावं लागत नाही.

हिशेब करून बघू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. इंजिन त्यातली ४० टक्के कामी लावतं, आणखी थोडी अल्टरनेटर आणि मोटरमध्ये जाते, आणि चाकापाशी जेमतेम सव्वातीन युनिट पोचतात. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे चाकावरच्या एका युनिटला सुमारे ०.८ किलो. आता वीज घ्या. देशाच्या ग्रिडमधल्या (सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यातल्या) एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. इंजिनातला ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, मोटर आणि गिअर मिळून १५ टक्क्यांच्या आसपास खातात, वर तारांमधली गळती आहेच. चाकापाशी आकडा पुन्हा ०.८ च्या थोडा वरच येतो.

थोडक्यात, आजच्या ग्रिडवर सपाट रुळावरची ही लढत बरोबरीत सुटते. मग ब्रॉडगेजचं जवळजवळ सगळं जाळं विजेवर नेण्याचा खटाटोप कशाला? तेलाची आयात वाचते, हे एक कारण. मोठं कारण असं, की आज घेतलेलं डिझेल इंजिन पस्तीस वर्षांनीही लिटरमागे २.६८ किलोच ओकणार. विजेच्या इंजिनाचा आकडा मात्र ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसा खाली येतो, त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही. आणि उतारावर हे इंजिन वीज परत देतं, जे डिझेलला जमत नाही.

या परतीच्या विजेबद्दल बरंच ढोबळ बोललं जातं. नागपूरहून इटारसीकडे जाणारा मार्ग आधी सातपुडा चढतो आणि बैतूलच्या पुढे धाराखोहच्या घाटात उतरतो. ५८-५९ वाघिणींची भरलेली कोळशाची गाडी इंजिनासह सुमारे ५,४०० टनांची असते. ती १०० मीटर उंची उतरली की सुमारे १,४७० युनिट ऊर्जा मोकळी होते. पण ती सगळी हाती लागत नाही. उतार १:१०० चा धरला, तर गाडीला खाली ओढणारं बल ५३० किलोन्यूटनच्या घरात जातं. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-९ या विजेच्या इंजिनाचा विद्युत ब्रेक, म्हणजे मोटरच उलट वीज बनवून रोखणारा ब्रेक, जास्तीत जास्त सुमारे २६० किलोन्यूटन जोर लावतो. चाकांच्या घर्षणात थोडं बल जिरतं, उरलेलं वाघिणींचे ब्रेक ब्लॉक तापवून संपतं. कन्व्हर्टरची गळती वजा केल्यावर १,४७० पैकी साधारण ६०० युनिट तारेत परततील.

जोर वाढवावा, तर अडचण कपलरपाशी, म्हणजे डब्यांना जोडणाऱ्या सांध्यापाशी येते. पुढचं इंजिन एकटंच जोरात रोखू लागलं की मागची गाडी त्याच्यावर येऊन दाबली जाते, आणि वळणावर हा दाब मर्यादेबाहेर गेला तर वाघिण रुळावरून उतरू शकते. न्यूट्रल सेक्शनमधून, म्हणजे दोन वीजपुरवठ्यांमधल्या वीज नसलेल्या तारेच्या तुकड्यातून जाताना सर्किट ब्रेकर उघडावा लागतो, तेवढ्या अंतरात परत मिळणारी वीज शून्य. शिवाय ती घेणारं कोणीतरी हवं. त्याच वीजपुरवठ्याच्या टप्प्यात दुसरी गाडी चढत असेल तर उत्तम. नसेल तर तारेचा दाब २५ किलोव्होल्टच्या वर सरकतो आणि मर्यादा जवळ आली की इंजिन आपणहून हात आखडतं. म्हणून वेळापत्रक करणाऱ्याच्या पेन्सिलीतही थोडी वीज असते.

आता खरेदीकडे. बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणाऱ्या १२,००० अश्वशक्तीच्या ८०० इंजिनांचा करार २०१५ मध्ये झाला. या डब्ल्यूएजी-१२बी इंजिनांच्या देखभालीसाठी दोन डेपो ठरले, सहारनपूर आणि नागपूर. पहिलं इंजिन २०१८ मध्ये कारखान्याबाहेर आलं, पण मालगाडी ओढायला लागलं मे २०२० मध्ये. नव्या नमुन्याची डोलण्याची चाचणी, आणीबाणीच्या ब्रेकचं अंतर, कपलरवरचं बल, मग सुरक्षा आयुक्तांची मंजुरी, या पायऱ्या टाळता येत नाहीत. निविदा निघाली म्हणजे गाडी आली असं समजणाऱ्यांनी ही दोन वर्षं लक्षात ठेवावीत. त्यानंतरच्या गुजरातमधल्या दाहोदच्या करारात ९,००० अश्वशक्तीची १,२०० इंजिनं आहेत. सुमारे २६,००० कोटी रुपये, आणि देखभाल ३५ वर्षांची. बनवणाऱ्यालाच देखभाल करावी लागली की स्वस्त बेअरिंग लावून पळ काढता येत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा.

तरीही विजेचं बिल भरते रेल्वेच. उदाहरणादाखल, एक इंजिन वर्षाला १.२ लाख किलोमीटर धावलं, सरासरी ४,००० टन ओढले आणि दर हजार टन-किलोमीटरला ७ युनिट लागले असं समजा. वर्षाचे ३३-३४ लाख युनिट झाले. साडेसहा रुपयांनी ते सव्वादोन कोटींच्या जवळ जातात, आणि ३५ वर्षांत ७५ कोटींच्या वर. इंजिनाची किंमत मात्र बावीस कोटींच्या आसपास. कार्यक्षमतेत दोन टक्क्यांचा फरक दीड कोटीचा ठरतो. म्हणून सर्वांत कमी बोलीला काम देताना आयुष्यभराची वीज बोलीत मिळवूनच तुलना व्हायला हवी, आणि सांगितलेला खर्च प्रत्यक्ष मोजून चुकला तर दंड हवा. तसं न करता घेतलेलं इंजिन म्हणजे सवलतीत घेतलेला, पण बिलाने रडवणारा कूलर.

प्रवासी गाड्यांत सोपी कमाई आधीच सुरू आहे. एलएचबी (नव्या बनावटीच्या डब्यांच्या) गाडीच्या दिव्यांना आणि एसीला पूर्वी दोन जनरेटर डबे डिझेल जाळून वीज पुरवायचे. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनात ५०० केव्हीएचे दोन कन्व्हर्टर बसवले की तीच वीज तारेतून ७५० व्होल्टवर डब्यांत जाते.

हायड्रोजनचा गाजावाजा मोठा आहे. हरियाणातली जिंद-सोनीपतची हायड्रोजनची गाडी शिकण्यासाठी ठीक. पण विजेपासून हायड्रोजन, तो दाबून साठवणं, परत फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचात) वीज, या फेऱ्यात मूळ विजेचा तिसरा हिस्साही चाकापर्यंत मुश्किलीने पोचतो. तार डोक्यावर असताना नागपुरात त्याचं काही काम नाही.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. नागपूर विभागाची मालवाहतूक प्रामुख्याने कोळशाची. ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हाच माल आटेल, आणि आज घेतलेली इंजिनं तेव्हा निम्म्या वयातही नसतील. कंटेनर आणि सिमेंटच्या गाड्या हलक्या असतील, त्यांना वेग हवा असेल. डब्ल्यूएपी-७ हे मुळात डब्ल्यूएजी-९ चंच इंजिन, गिअरचं प्रमाण बदलून ते प्रवासी गाड्यांसाठी १४० किलोमीटर वेगाचं केलं. पुढच्या निविदेत ही सोय अट म्हणून लिहावी: बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) तीच ठेवून देखभालीच्या शेडमध्येच गिअर आणि सॉफ्टवेअर बदलता यावं, आणि त्याचा दर आजच ठरवून घ्यावा.