मळीचं पाणी आणि खताचं पाणी: दोन वेगळी दुखणी

कृष्णेत मासे तरंगले की वाळव्यापासून मिरजेपर्यंत एकच बोलणं ऐकू येतं: साखर कारखान्यानं मळी सोडली. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच लागला, तेव्हाही हेच ऐकू आलं. नदीपुरता हा संशय रास्त आहे. पण गावची विहीर किंवा बोअर बिघडली, तळं हिरवं पडलं, तरी बोट कारखान्याकडंच जातं. तिथं दुखणं बहुधा दुसरंच असतं.

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, दाट पाक. तिच्यापासून एक लिटर अल्कोहोल काढताना डिस्टिलरीत (मद्यार्क कारखान्यात) साधारण ८ ते १५ लिटर तपकिरी, आंबट, उग्र वासाचं पाणी मागं उरतं; हेच मळीचं पाणी. मासे मरतात ते त्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळं. जिवाणू ते खाऊ लागले की पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. प्रक्रिया न केलेल्या अशा एका लिटरला सुमारे ५०,००० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आणि स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर मळीचं पाणी नदीच्या ६,००० लिटरांहून जास्त पाण्याचा श्वास कोंडू शकतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, प्रवाह मंदावलेला; अशा वेळी एक टँकरही जड जातो. डिस्टिलरीनं हे पाणी बाहेर सोडायचंच नसतं. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यात) मिसळून खत करायचं, असा नियम आहे. त्यामुळं ते ओढ्यात दिसलं तर त्याला चूक म्हणू नये, तो गुन्हा आहे. (सांगली शहराचं सांडपाणी शेरीनाल्यातून येतं, ते आणखी वेगळं प्रकरण.)

खताच्या पाण्याला ना रंग, ना वास. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, आणि बरेच जण त्याहून जास्तच टाकतात. जमिनीत युरियाचं शेवटी नायट्रेट होतं. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळं माती त्याला धरून ठेवत नाही. पाटानं भरपूर पाणी सोडलं की ते मुळांच्या खाली उतरतं आणि पुढं विहिरीत येतं. उकिरडा आणि शोषखड्डाही त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचं दूध कालवून पाजलं, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते आणि बाळ निळं पडतं. आणि आपल्या घरोघरचे उपाय इथं चालत नाहीत. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, तुरटी, कापडाची गाळणी यांनी नायट्रेट जात नाही. उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. आरओनं ते कमी होतं, पण खरा उपाय शेतात आहे: ठिबक, आणि नत्राचे हप्ते पाडून देणं.

दोन्ही गोष्टींची गल्लत होते ती तळ्याकाठी. खतातलं नत्र आणि स्फुरद मायणी-येरळवाडीसारख्या तलावांत साठलं, तर शेवाळ माजतं. रात्री ते प्राणवायू वापरतं, मेल्यावर कुजून आणखी वापरतं. मासे इथंही गुदमरूनच मरतात. फरक मात्र दिसतो. पाणी हिरवं असतं, मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात, आणि हे दिवसेंदिवस वाढत जातं. मळीचं पाणी आलं तर नदी काळपट-तपकिरी होते, फेस आणि दुर्गंधी येते, आणि काही तासांत मासे मरून पडतात.

म्हणून धावपळही वेगळी हवी. नदीत मासे मेले तर त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. दूषित पाणी पुढं वाहून जातं, आणि प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. विहिरीसाठी इतकी घाई नाही, पण नेम हवा. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला गावात आहेत, त्यांच्याकडून नायट्रेट बघून घ्या. आकडा ४५ च्या आसपास आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा: एकदा पावसाआधी, एकदा पाऊस ओसरल्यावर. घरात तान्हं बाळ असेल, तर निकाल येईपर्यंत त्याच्या दुधासाठी दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा.